स्ट्रीमर घेण्याआधी घरातले फोन आणि राउटर बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ टॉवरमध्ये टू बीएचके, हॉल साधारण दहा बाय पंधरा. वडिलांच्या वेळचा स्टीरिओ ॲम्प्लिफायर दुरुस्त करून घेतलाय, त्याला नव्या बुकशेल्फ स्पीकरची जोडी लावलीय. तुमचा फोन अँड्रॉइड, त्यावर यूट्यूब म्युझिक. बायकोचा आयफोन, त्यावर ॲपल म्युझिक. मुलगा स्पॉटिफायवाला. आईंना नाट्यगीतं आणि विविध भारती. जुन्या सीड्या फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता दाबलेल्या फाइलींत) उतरवून हार्ड डिस्कवर ठेवल्यात. सध्या एका स्वस्त ब्लूटूथ रिसीव्हरवर भागतंय. टीव्हीचा आवाजही याच स्पीकरमधून हवाय. बजेट चाळीस हजार, आणि दुकानदार म्हणतो लाखाचा स्ट्रीमर (नेटवरचं गाणं ॲम्प्लिफायरपर्यंत पोचवणारा डबा) घ्या, आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

लाखाचा घेऊ नका. चाळीस हजारही स्ट्रीमरवर घालवायची गरज नाही. ठाणे-नवी मुंबईत लोकांच्या घरी ऑडिओ सिस्टीम बसवून देणं हा माझा व्यवसाय आहे. बसवून दिल्यानंतर स्ट्रीमरबद्दल जे फोन येतात, त्यात ‘आवाज चांगला नाही’ ही तक्रार क्वचितच असते. ‘फोनमध्ये दिसतच नाही’, ‘मध्येच थांबतं’, ‘मिसेसच्या फोनवरून लागत नाही’, ‘ॲप अपडेट झालं आणि सगळं बिनसलं’ या मात्र नेहमीच्या. म्हणून या खरेदीत कान शेवटी लावायचे. कोणाच्या फोनवर कोणतं ॲप आहे, त्या ॲपमधलं गाणं डब्यापर्यंत कोणत्या वाटेने जाणार आणि डबा बनवणारी कंपनी पाच वर्षांनी त्याच्याकडे ढुंकून तरी बघणार का, हे आधी बघायचं.

वाटांपासून सुरुवात करू. ब्लूटूथवर गाणं वाजवण्याचं काम फोन करतो. तो इंटरनेटवरून आलेलं गाणं उलगडतो, पुन्हा दाबून बारीक करतो आणि हवेतून पाठवतो. एसबीसी हा कोडेक, म्हणजे दाबण्याची पद्धत, सगळ्यांकडे असतोच. आयफोन त्याच्यापुढे फक्त एएसीपर्यंत जातो. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सोनीचा एलडॅक असतो, तो सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत पोचतो, पण समोरच्या रिसीव्हरलाही तो यायला हवा. दर्जाचं हे गणित एकवेळ सोडून द्या, खरा त्रास वेगळाच आहे. फोन खिशात घेऊन तुम्ही आतल्या खोलीत गेलात की आवाज तुटायला लागतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी पाणी कधी येणार विचारलं की त्याचं ‘टिंग’ ऐन आलापीत स्पीकरवर वाजतं. कोणाचा कॉल आला की मैफल बंद.

गूगल कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्टचं तसं नाही. तिथे फोन फक्त कोणतं गाणं हवंय ते सांगतो. गाणं इंटरनेटवरून आणतो स्ट्रीमर स्वतः. नंतर फोन बंद करा, गॅलरीत घेऊन जा, त्यावर तासभर बोला, इकडे गाणं चालूच. एअरप्ले या दोन्हींच्या मधला. त्यात गाणं बहुतेक वेळा आयफोनमधूनच पुढे जातं, पण वाय-फायवरून, आणि दर्जा सीडीइतका मिळू शकतो, त्यापुढे नाही. २०१८ साली आलेल्या एअरप्ले २ मध्ये एकाच वेळी अनेक खोल्यांतल्या स्पीकरवर गाणं लावता येतं.

आता तुमच्या घराला हे लावून बघा. यूट्यूब म्युझिकला कास्ट हवं. आयफोनवरच्या ॲपल म्युझिकला एअरप्ले हवं. गंमत म्हणजे ॲपल म्युझिकचं अँड्रॉइड ॲप कास्ट करतं, आयफोनवरचं करत नाही. मुलाला स्पॉटिफाय कनेक्ट हवं. म्हणजे या तिन्ही गोष्टी एकाच डब्यात असणं ही तुमची पहिली अट. हौशी लोक ज्यांवर तासन्‌तास वाद घालतात त्या डॅकच्या (आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाच्या) चिपा, क्लॉक, पॉवर सप्लाय वगैरे सगळं या अटीनंतर.

वीम या कंपनीचं उदाहरण घेतो, कारण सध्या या किमतीत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव आहे. त्यांच्या मिनीमध्ये एअरप्ले २ आहे, स्पॉटिफाय कनेक्ट आहे, पण कास्ट नाही आणि लॅन केबलचं सॉकेटही नाही. प्रोमध्ये एअरप्ले २, कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्ट तिन्ही आहेत, लॅन आहे, ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणाऱ्या केबलचं) इन आणि आउट दोन्ही आहेत. त्याच्याहून बराच महाग अल्ट्रा. त्याला टचस्क्रीन, एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून घेण्याची सोय), टर्नटेबलसाठी फोनो इनपुट, पेनड्राइव्ह लावायला यूएसबी. पण एअरप्ले नाही! अल्ट्रा घेऊन घरी गेलात तर तुमच्या बायकोला परत ब्लूटूथवरच यावं लागेल, आणि मग त्या खरेदीबद्दल पुढची काही वर्षं काय ऐकावं लागेल याची कल्पना तुम्हीच करा. महाग मॉडेलमध्ये स्वस्त मॉडेलमधलं सगळं असणारच, हे या धंद्यात गृहीत धरायचं नाही. खोक्यावरची चिन्हं एकेक करून वाचायची. तुमच्यासाठी प्रो किंवा त्याचीच थोडी वरची आवृत्ती प्रो प्लस पुरेशी आहे. दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तरी हीच तीन चिन्हं शोधा.

खोक्यावर टायडल आणि कोबझ यांची नावंही दिसतील. या सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. जिओसावन किंवा दुसरं एखादं देशी ॲप वापरत असाल तर त्यात कास्टचं चौकोनी चिन्ह दिसतं का तेवढं फोनवर बघून घ्या. ते नसेल तर आयफोनवरून एअरप्ले आहेच.

दुकानदाराच्या ‘जमीन-अस्मान’कडे येऊ. यूट्यूब म्युझिक जास्तीत जास्त २५६ किलोबिटने गाणं देतं. ॲपल म्युझिक २०२१ पासून लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता, देतं, जास्तीचे पैसे न घेता. स्पॉटिफायचं लॉसलेस २०२५ मध्ये आलं, ते तुमच्या मुलाच्या प्लॅनमध्ये आहे का ते त्याच्या खात्यात बघा. सीडीचा दर सेकंदाला १,४११ किलोबिट. म्हणजे यूट्यूब म्युझिकवर लावलेलं गाणं पंधरा हजारांच्या डब्यात आणि लाखाच्या डब्यात त्याच २५६ किलोबिटने येणार. डबा त्यात स्वतःचं काही भरू शकत नाही.

वाय-फायवरून येणाऱ्या डेटात बिट हरवला तर तो परत मागवला जातो. त्यामुळे दोन स्ट्रीमरचे ऑप्टिकल आउटपुट एकाच डॅकला जोडले, दोन्हींत इक्वलायझर आणि व्हॉल्यूमची ढवळाढवळ बंद ठेवली, तर डॅकच्या हाती तेच आकडे पडतात. फरक पडलाच तर तो डॅक आणि ॲनालॉग आउटपुटमध्ये. तिथेही आजकालच्या साध्या डॅकचा गोंगाट आणि विकृती कानाला कळण्याच्या बरीच खाली गेलेली आहे. १६ बिटमध्ये साधारण ९६ डेसिबलची पट्टी मिळते, दर बिटामागे सहा. तुमच्या हॉलमध्ये पंखा चालू, खिडकीबाहेर घोडबंदरचे कंटेनर. त्या आवाजाखाली काय दडलंय हे ऐकायला २४ बिट घेऊन उपयोग काय? रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्यांना २४ बिट लागतात, त्याचं कारण वेगळं.

तरी दुकानात प्रत्यक्ष ऐकून फरक जाणवला, असं तुम्ही म्हणाल. जाणवला असेल. एक डेसिबलने मोठा वाजणारा डबा माणसाला ‘मोठा’ वाटत नाही, ‘जास्त खुला, जास्त स्पष्ट’ वाटतो. दोन डबे शेजारी ठेवून ऐकवताना दोघांची पातळी जुळवली होती का, हे विचारा. नसेल जुळवली तर तुम्ही व्हॉल्यूम ऐकून आलात. फोनमधलं फुकटचं साउंड मीटर ॲपही कामचलाऊ तुलनेला पुरतं. एकच चाचणी-टोन दोन्हीकडून वाजवा, काटा एकाच ठिकाणी आणा, मग तुम्ही पाठ करून बसा आणि मुलाला तार बदलायला सांगा. या प्रकारानंतर दुकानातून न बोलता खाली उतरलेले बरेच लोक मी पाहिलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घरातलं नेट. १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे म्हणून कोणी निर्धास्त असतं. इंटरनेटचा वेग हा प्रश्न नसतोच. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं गाणं अजिबात न दाबता पाठवलं तरी सेकंदाला सव्वानऊ मेगाबिटच्या आसपास लागतात. प्रश्न असतो दारापासून टीव्ही युनिटपर्यंतच्या वीस फुटांचा. आपल्याकडे फायबरवाला येतो, मेन डोअरवरच्या कोनाड्यात नाहीतर शू रॅकच्या वर ओएनटी (फायबरचा डबा) ठोकतो आणि निघून जातो. त्यातच त्याचं वाय-फाय. तिथून हॉलच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, लाकडी युनिटच्या आत, टीव्हीच्या मागे कोंबलेल्या स्ट्रीमरपर्यंत सिग्नल जायचा. टॉवरमध्ये फोनवर वाय-फायची यादी उघडा, खालच्या-वरच्या मजल्यांसकट तीस-चाळीस नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सगळी सोसायटी त्या तिघांत दाटीवाटीने बसलेली. त्यात मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही त्याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर, पण तो भिंतीत लवकर दमतो. तुमचा राउटर आणि स्ट्रीमर एकाच हॉलमध्ये असतील तर ५ गिगाहर्ट्झच ठेवा.

त्याहून चांगला उपाय म्हणजे लॅन केबल. म्हणूनच मी लॅन सॉकेट नसलेला स्ट्रीमर सहसा सुचवत नाही. नव्या टॉवरमध्ये टीव्हीच्या मागे टेलिफोन-केबलचा पाइप आधीच टाकलेला असतो, इलेक्ट्रिशियनला त्यातून एक कॅट ६ ओढायला सांगा. फॉल्स सीलिंग असेल तर वरून. काहीच नसेल तर स्कर्टिंगच्या कडेने चपटी केबल फर्निचरमागून जाते, दिसतही नाही. ‘वायरलेस स्ट्रीमर घेतला आणि त्याला वायर?’ असं घरात कोणीतरी म्हणेलच. फोन ते स्ट्रीमर वायरलेसच राहणार आहे, तेवढं सांगून पुढे जा.

‘फोनमध्ये दिसतच नाही’ या तक्रारीचं मूळ मात्र सिग्नलमध्ये नसून घरात दोन नेटवर्क असण्यात असतं. कंपनीचा ओएनटी स्वतःच राउटर असतो. मग रेंज येत नाही म्हणून आपण ॲमेझॉनवरून दुसरा राउटर आणतो आणि ओएनटीची केबल त्याच्या वॅन सॉकेटमध्ये घालतो. झाली दोन घरं. फोन एका वाय-फायवर, स्ट्रीमर दुसऱ्यावर. फोन आणि स्ट्रीमर एकमेकांना शोधतात ते एमडीएनएस नावाच्या हाकेने, आणि ती हाक एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही. ओळखायचं सोपं आहे. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता बघा, मग स्ट्रीमरच्या ॲपमध्ये त्याचा बघा. एक १९२.१६८.१ ने आणि दुसरा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर दुखणं सापडलं. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, बहुतेकांत ती सोय असते. नसेल तर त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करून ओएनटीची केबल वॅनऐवजी त्याच्या लॅन सॉकेटमध्ये लावा. स्ट्रीमर गेस्ट नेटवर्कवर कधीच ठेवू नका, तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू न देण्याचीच व्यवस्था असते. राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाचं काही चालू असेल तर तेही बंद करा.

पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हाची एक गोष्ट. लाइट आल्यावर स्ट्रीमर अर्ध्या मिनिटात उठतो, ओएनटीला दोन-तीन मिनिटं लागतात. काही स्ट्रीमर तेवढ्यात हात टेकतात आणि नेट आलं तरी झोपूनच राहतात. ओएनटीला राउटरचा छोटा यूपीएस लावलात तर हा प्रश्न संपतो, आणि वर्क फ्रॉम होमलाही तो लागतोच.

स्ट्रीमरचं आयुष्य त्याच्या सॉफ्टवेअरइतकं. ॲम्प्लिफायर वडिलांकडून तुमच्याकडे आला, स्ट्रीमर तुमच्याकडून मुलाकडे जाणार नाही. गूगलने २०१५ मध्ये क्रोमकास्ट ऑडिओ काढला. छोटासा, स्वस्त आणि आवाजाला उत्तम. २०१९ च्या सुरुवातीला बंद केला. ज्यांनी घेऊन ठेवले होते ते वापरत राहिले. मग मार्च २०२५ मध्ये आतलं एक सुरक्षा प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभरचे क्रोमकास्ट ऑडिओ एका दिवसात मुके झाले. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली हे खरं, पण तोपर्यंत चांगलं चालतं यंत्र केवळ तारखेमुळे बसून होतं. सोनोसची गोष्ट आणखी बोलकी. मे २०२४ मध्ये त्यांनी नवं ॲप आणलं, त्यात अलार्म, स्लीप टायमर यांसारख्या साध्या सोयीही नव्हत्या. जुनं ॲप परत देता येईना. प्रकरण इतकं चिघळलं की जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे मुख्याधिकारी पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. लोकांच्या घरातले स्पीकर मात्र तेच होते, त्यांत काहीच बिघडलं नव्हतं.

उलट दिशेचं उदाहरण म्हणजे स्क्वीझबॉक्स. स्लिम डिव्हायसेस ही मूळ कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली, २०१२ मध्ये ही यंत्रं बंद केली आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही गुंडाळली. तरी स्क्वीझबॉक्स आजही वाजतात, कारण त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर सुरुवातीपासून मुक्त होतं आणि हौशी मंडळींनी ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने चालू ठेवलंय. म्हणून स्ट्रीमर बघताना मी विचारतो: उद्या कंपनीचं ॲप मेलं तर हा डबा दुसऱ्या कोणाचं ऐकेल का? डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरच्या फाइली वाजवण्याची पद्धत) येतं का, लिरियनशी जुळतो का, साधं ऑप्टिकल आउट आहे का? यातलं काही असेल तर तो अगदीच अनाथ होत नाही.

याच कारणासाठी, तुमच्याकडे चालू स्थितीतला ॲम्प्लिफायर असताना स्ट्रीमर आणि ॲम्प्लिफायर एकाच खोक्यात देणारी यंत्रं घेऊ नका. त्यात स्ट्रीमर जुना झाला की सगळंच जुनं होतं. ज्यांच्याकडे काहीच नाही आणि जागाही नाही, वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांत हॉल नऊ-दहा फुटांचे, तिथे मात्र असं एकत्र यंत्र मी बिनदिक्कत सुचवतो.

रास्पबेरी पायवर व्होल्युमिओ किंवा मूड टाकून घरीच स्ट्रीमर करता येतो, कोणीतरी तेही सुचवेल. ज्याला रविवारी सोल्डरिंग गन हातात घेतल्याशिवाय करमत नाही त्याने करावं. पण तुम्ही ऑफिसच्या कामाने बंगलोरला आणि इकडे लाइट गेल्यावर मेमरी कार्ड बसलं, तर आईंनी विविध भारती कशी लावायची? शिवाय गूगल कास्ट त्यात अधिकृतपणे येत नाही, म्हणजे तुमची पहिलीच अट गेली.

वडिलांचा ॲम्प्लिफायर. मागे गोल पाच पिनांची डीन सॉकेट असतील असा माझा अंदाज आहे, त्या काळच्या बऱ्याच सेटना तीच असायची. डीन ते आरसीए केबल तयार मिळते, नाहीतर लॅमिंग्टन रोडवर कोणीही करून देईल. करून घेताना सांगा: स्ट्रीमरचा डावा चॅनल पिन ३, उजवा ५, अर्थ २. रेडीमेड केबलमध्ये कधी कधी पिन १ आणि ४ जोडलेले असतात, ते टेपवर रेकॉर्ड करण्यासाठीचे, त्यातून आवाज येणार नाही. आणि ‘फोनो’ किंवा ‘पिकअप’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये काहीही झालं तरी घालू नका, तिथे तबकडीसाठी बास मुद्दाम कितीतरी पटींनी वाढवलेला असतो. ऑक्स, ट्यूनर किंवा टेप यांपैकी काहीही चालेल.

दुसरी अडचण पातळीची. स्ट्रीमरचा लाइन आउट २ व्होल्टच्या आसपास असतो, सीडी प्लेअरसारखा. जुन्या ॲम्प्लिफायरचं ऑक्स इनपुट दोनेकशे मिलिव्होल्टमध्येच पूर्ण ताकदीला पोचतं. परिणाम असा की व्हॉल्यूमची कळ आठच्या काट्यावरून नऊवर नेली की खिडक्या थरथरतात आणि बारीक आवाजात डावा-उजवा सारखा राहत नाही, कारण जुन्या पोटेन्शिओमीटरचे दोन्ही चॅनल सुरुवातीच्या भागात जुळत नाहीत. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये आउटपुट पातळी कमी करण्याची सोय असेल तर तिथून उतरवा आणि ॲम्प्लिफायरची कळ दहा-अकराच्या काट्यावर एकदाच ठेवून द्या. पुढे आवाज स्ट्रीमरवरून कमी-जास्त करायचा. एकदा बारीक आवाजापासून सुरुवात करून हळूहळू वर नेऊन बघा, म्हणजे मुलाने चुकून शंभर केला तर काय होईल ते आधीच कळेल.

तुमच्या सीड्यांबद्दल. वीम प्रोवरचं यूएसबी सॉकेट फक्त वीज घेण्यासाठी आहे, त्यात हार्ड डिस्क लावून उपयोग नाही. हार्ड डिस्क राउटरला लावता आली आणि राउटरमध्ये डीएलएनए सर्व्हर असला तर तेवढ्यावर भागतं. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर लिरियन टाका, प्रो त्याच्याशी बोलतो. शास्त्रीय ऐकणाऱ्याने इथे एक गोष्ट स्वतःच्या कानाने तपासावी. बऱ्याच सीड्यांवर विलंबित ख्याल एक ट्रॅक, द्रुत दुसरा, पण मध्ये तानपुरा अखंड चालू असतो. स्ट्रीमरला पुढच्या फाइलचा पत्ता आधीच मिळत नसेल तर त्या सांध्यावर तानपुरा अर्धा सेकंद गप्प होतो आणि मग पुन्हा उगवतो. बाकी सगळं निर्दोष असूनही ते खटकतं, समेवर येताना कोणी बेल दाबावी तसं. असा खंड न पडता वाजण्याला गॅपलेस म्हणतात. कास्टवरून आणि काही डीएलएनए ॲपमधून तो नीट मिळत नाही, लिरियनवरून मिळतो. टॅग भरताना कलाकाराच्या रकान्यात गायकाचं नाव आणि अल्बमच्या रकान्यात राग लिहिलात तर पुढे शोधणं सोपं जातं. देवनागरीत लिहा किंवा रोमनमध्ये, पण एकच काहीतरी धरून ठेवा, नाहीतर भीमसेनजी दोन ठिकाणी दिसतील.

आईंसाठी फोन उघडा, ॲप शोधा, चिन्ह दाबा हा द्राविडी प्राणायाम ठेवू नका. प्रीसेट बटणं असलेला रिमोट घ्या. काही मॉडेलबरोबर तो येतो, काहींना वेगळा विकत घ्यावा लागतो. एक नंबरला विविध भारती, दोनला आकाशवाणीचं मराठी केंद्र, तीनला नाट्यगीतांची प्लेलिस्ट. बटणांवर मोठ्या अक्षरात चिकटपट्टी लावा. घरातल्या चौघांपैकी हा डबा सर्वांत जास्त तास त्याच वापरणार आहेत, असं माझा अनुभव सांगतो.

टीव्ही सोपा आहे. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून प्रोच्या ऑप्टिकल इनमध्ये केबल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा डॉल्बीवर असेल तर ते पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर) आणा, नाहीतर स्पीकरमधून काहीच येणार नाही आणि तुम्ही केबल बदलत बसाल. ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, ती सोय एचडीएमआय एआरसीची. पण ऑप्टिकलचा एक फायदा असा की त्यात तांबं नसतं, त्यामुळे केबलवाल्याच्या तारेतून टीव्हीमार्गे येणारी घूं... स्पीकरपर्यंत पोचत नाही. ओठ आणि आवाज मागेपुढे वाटले तर टीव्हीत किंवा ॲपमध्ये विलंब जुळवायची पट्टी असते.

उरलेले पैसे कुठे घालायचे ते सांगतो, कारण खरा फरक तिथे आहे. दहा फूट रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपास एक लहर अडकते. तुमच्याकडे छताची उंची साडेनऊ फुटांच्या आसपास असेल, म्हणजे तिची लहर ५९ च्या जवळ. दोन्ही इतक्या शेजारी आल्या की तबल्याचा बायाँ आणि बास गिटार एकाच सुरात घुमायला लागतात. पंधरा फुटांची लहर ३७-३८ वर, ती बुकशेल्फ स्पीकरला फारशी छळत नाही. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर काचेची सरकती खिडकी, त्यामुळे वरचे सूर खणखणतात. स्पीकरच्या आणि सोफ्याच्या मधे जाड गालिचा, खिडकीला दुहेरी पडदा, स्पीकर भिंतीपासून किमान फूट-दीड फूट पुढे आणि टीव्ही युनिटच्या कप्प्यातून बाहेर, स्टँडवर. एवढं झाल्यावर स्ट्रीमरमधल्या इक्वलायझरने ५६-५९ च्या जागी चार-पाच डेसिबल खाली ओढा. प्रोमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, फोनच्या माइकने खोली मोजून दुरुस्ती सुचवण्याची सोयही आहे. फोनचा माइक अगदी अचूक नसतो, तेव्हा २०० हर्ट्झच्या वरची त्याची दुरुस्ती फारशी मनावर घेऊ नका. खालची घ्या. लाखाच्या स्ट्रीमरने न होणारं काम या गालिच्याने, स्टँडने आणि दोन फिल्टरने होईल.

घेताना भारतातल्या अधिकृत वितरकाचं बिल आणि वॉरंटी मागा. परदेशातून भावाने बॅगेतून आणलेला डबा पंधरा दिवसांनी बसला तर इथे कोणी हात लावणार नाही. परत करायची मुदत किती आहे ते बघा आणि त्या मुदतीतच चारही माणसांना आपापल्या फोनवरून, आईंना रिमोटवरून, पूर्ण शनिवार-रविवार वापरू द्या. मध्ये एकदा मेन स्विच बंद करून पाच मिनिटांनी चालू करा आणि कोणी काही न करता सगळं आपोआप जाग्यावर येतं का बघा. प्रो परत करायची वेळ आली तर दुकानदाराला कारण लिहून द्या, आणि मला फोनच्या वाय-फाय सेटिंगचा आणि स्ट्रीमरच्या ॲपमधल्या आयपीचा फोटो पाठवा. त्यावरून बहुतेक वेळा घरी न येताही सांगता येतं.